कपाट लावायचंय? आधी कपडे परत ठेवणं सोपं करा

कपाट आवरलं की चार दिवस छान दिसतं आणि पाचव्या दिवशी परत ये रे माझ्या मागल्या, हे बहुतेक सगळ्यांचं होतं आणि त्याचं खापर आपण एकतर आळशीपणावर फोडतो नाहीतर कपडे फार झालेत यावर. कपडे फार असतात हे खरंच आहे, पण मला विचाराल तर मुख्य कारण ते नाही. आपण कपाट लावतो ते कपडे काढायच्या हिशोबाने, दार उघडलं की सगळं दिसलं पाहिजे, नीटनेटकं दिसलं पाहिजे वगैरे. आता काढताना आपल्याला तो कपडा हवाच असतो त्यामुळे कितीही अवघड ठिकाणी असला तरी आपण काढतोच. परत ठेवताना मात्र आपण दमलेलो असतो, झोप आलेली असते, आणि अशा वेळी जर एका हाताने वरची थप्पी उचलून धरायची आणि दुसऱ्या हाताने कपडा आत सरकवायचा असा प्रकार असेल तर तो कपडा खुर्चीवरच जाणार. म्हणून कपाटात प्रत्येक गोष्टीची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारायचा, ही एका हाताने परत ठेवता येईल का? रोजच्या कपड्यांसाठी उत्तर हो यायलाच हवं, महिन्यातून एकदा लागणाऱ्यांसाठी नाही आलं तरी चालेल.

सुरुवात रिकामं करण्यापासूनच होते, त्याला पर्याय नाही. पण एकेक खण करून आवरू नका, एकेक प्रकार करून आवरा. म्हणजे आज सगळ्या पॅन्ट, मग त्या कुठल्याही खणात, बॅगेत, बेडच्या स्टोरेजमध्ये असोत, सगळ्या एका जागी आणायच्या. खणाखणाने आवरलं की वरच्या खणातलं खालच्यात आणि खालच्यातलं वरच्यात एवढंच होतं, आणि एकाच रंगाच्या चार पॅन्ट चार ठिकाणी आहेत हे कळतच नाही. न होणारे, फाटलेले, आवडत नसलेले बाजूला काढा, त्यावर मी जास्त बोलत नाही कारण ते ज्याचं त्यालाच कळतं. ज्यांचं ठरत नाही ते एका खोक्यात भरून वर तारीख लिहा आणि कपाटाबाहेर कुठेतरी ठेवा, ६ महिन्यांत खोकं उघडावं लागलं नाही तर तुमचं उत्तर मिळालं.

रिकामं झालंच आहे तर व्हॅक्युमने नाहीतर कोरड्या ब्रशने कोपरे, फळ्यांच्या फटी, ड्रॉवरच्या मागची जागा नीट झाडून घ्या. किड्यांची अंडी आणि अळ्या तिथेच लपून बसतात, मधल्या गुळगुळीत भागात नाही. मग किंचित ओल्या फडक्याने पुसायचं आणि दारं उघडी ठेवून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, घाई करून ओलसर फळीवर कपडे ठेवू नका.

आता मापं. लोक बॉक्स, ऑर्गनायझर, हँगर आधी विकत घेऊन येतात आणि मग ते कुठे बसतील ते बघतात, हे उलटं आहे. आधी टेप घ्या आणि आतली रुंदी, खोली, दोन फळ्यांमधलं अंतर कागदावर लिहून काढा. मोठ्या माणसाचा हँगर साधारण ४२ ते ४५ सेंमी रुंद असतो आणि त्यावर कपडा आला की अजून थोडी जागा लागते, त्यामुळे लटकवायच्या भागाला आतून कमीत कमी ५५ सेंमी म्हणजे २२ इंच तरी खोली हवी, नाहीतर दार लावताना बाह्या चेपल्या जातात. रॉड मागच्या भिंतीपासून साधारण मधोमध, म्हणजे २८ ते ३० सेंमीवर. रॉड आणि त्याच्या वरची फळी यात ५-६ सेंमी मोकळी ठेवा, एवढं नसेल तर हँगरचा हूक उचलून बाहेर काढता येत नाही आणि मग आपण कपडा हँगरवरून ओढून काढतो, गळा सैल होतो तो असाच. रॉड एक मीटरपेक्षा लांब असेल तर मधे आधार लावून घ्या, कपड्यांचं वजन वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं आणि वाकलेल्या रॉडवर सगळे हँगर घरंगळत मधे येतात.

उंचीचं म्हणाल तर शर्ट, टॉप, आखूड कुर्ते यांना रॉडपासून खाली साधारण १०० सेंमी पुरतात. मधे दुमडून हँगरवर टाकलेल्या पॅन्टला त्याहून कमी, ७५-८० सेंमी. लांब गाऊन, अनारकली, ओव्हरकोट यांना १५० ते १६० सेंमी लागतात. म्हणजे ज्या कपाटात एकच रॉड वर लावलाय आणि त्यावर नुसते शर्ट लटकतायत तिथे खाली जवळजवळ अर्धं कपाट वाया जातंय, आणि होतं काय की त्या मोकळ्या जागेत पिशव्या, बूट, पांघरुणं असं काहीही जमत जातं. तिथे दुसरा रॉड लावला की लटकवायची जागा एकदम दुप्पट होते. भिंतीला भोकं पाडायची नसतील तर वरच्या रॉडला अडकवून खाली लोंबणारा रॉड मिळतो, तो लावा. लांब कपडे थोडेच असतील तर त्यांच्यासाठी एका बाजूला हात-दीड हात रुंद पट्टा पूर्ण उंचीचा सोडायचा आणि बाकी सगळीकडे दोन मजले.

फळ्यांबद्दल माझं मत जरा ठाम आहे. दोन फळ्यांमधे २५ ते ३० सेंमीपेक्षा जास्त अंतर ठेवूच नका. जास्त अंतर असलं की थप्पी उंच होते, आणि उंच थप्पीतून खालचा कपडा ओढला की वरचे सगळे विस्कटतात, मग उचकपाचक सुरू. फळ्या हलवता येत नसतील तर मधे ठेवायचे लोखंडी जाळीचे स्टँड मिळतात, त्यांनी एका खणाचे दोन होतात. थप्पी सहा-सात कपड्यांच्या वर नको.

उंचीपेक्षाही जास्त त्रास देते ती खोली. कपाट २२ इंच खोल असतं आणि घडी घातलेला शर्ट असतो १२-१४ इंचांचा, म्हणजे मागे ८-१० इंचांची जागा उरते आणि त्या अंधारात मोजे, ओढण्या, जुने टीशर्ट जाऊन पडतात ते थेट पुढच्या आवरण्याच्या वेळीच सापडतात. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बिनझाकणाचे लांबट ट्रे किंवा बॉक्स, फळीच्या खोलीइतके लांब, जे ड्रॉवरसारखे पुढे ओढता येतात. झाकण असलेला बॉक्स रोजच्या कपड्यांना अजिबात नको, झाकण म्हणजे दुसरा हात लागला. दुसरा उपाय, पुढे चालू हंगामाचे कपडे आणि मागे दुसऱ्या हंगामाचे, आणि हवा बदलली की पुढचं मागे मागचं पुढे, अर्ध्या तासाचं काम आहे.

कुठे काय ठेवायचं ते साधं आहे, खांद्यापासून कमरेपर्यंतचा जो भाग आहे तो सोन्याचा आहे, तिथे फक्त रोजचे कपडे. त्याच्या खाली जड गोष्टी, जीन्स, चादरी. डोक्याच्या वर हलक्या आणि क्वचित लागणाऱ्या. लहान मुलांचं कपाट असेल तर हा हिशोब त्यांच्या उंचीने करा, रॉड त्यांचा हात पोचेल इतका खाली आणा, मग ती आपले कपडे आपण ठेवायला लागतात. आणि उंच सुटं कपाट असेल तर ते मागून भिंतीला क्लॅम्पने पक्कं बांधून घ्याच. मुलं ड्रॉवरवर पाय देऊन चढतात, दोन-तीन भरलेले ड्रॉवर एकदम उघडले की सगळं वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर येऊ शकतं, हे काम उद्यावर टाकू नका.

काय लटकवायचं आणि काय घडी करायचं? चुरगळणारे लटकवा, ताणले जाणारे घडी करा. कडक कॉटनचे शर्ट, लिनन, फॉर्मल पॅन्ट, ब्लेझर, शिफॉन जॉर्जेटचे ड्रेस हँगरवर. स्वेटर, विणलेलं काहीही, होजिअरीचे टीशर्ट, लायक्राचे कपडे घडीत. विणलेला कपडा लटकला की स्वतःच्याच वजनाने लांब होतो आणि खांद्यावर हँगरच्या टोकाचे उंचवटे येतात. फळीवर जागाच नसेल आणि स्वेटर लटकवायचाच असेल तर एक पद्धत आहे. स्वेटर उभा मधोमध दुमडा, बाहीवर बाही येऊ द्या. आता त्यावर हँगर असा आडवा ठेवा की हूक बरोबर काखेतून बाहेर डोकावेल, मग धडाचा भाग हँगरच्या एका बाजूवरून आत घाला आणि बाह्या दुसऱ्या बाजूवरून. वजन हँगरच्या दोन्ही बाजूंवर विभागलं जातं, स्वेटरच्या खांद्यावर ताण पडत नाही.

हँगर शक्यतो सगळे एकाच प्रकारचे घ्या. दिसायला छान दिसतं म्हणून नाही, वेगवेगळ्या उंचीचे हँगर एकमेकांत अडकतात आणि एक काढताना तीन बाहेर येतात. पातळ मखमली हँगर जागा कमी घेतात, कपडा घसरत नाही, पण ओला कपडा त्यावर कधीच नको, रंग लागतो. ब्लेझर आणि कोट मात्र जाड, खांद्याच्या आकाराच्या हँगरवरच. तारेचे हँगर काढून टाका, वाकतात आणि गंजतात, गंजाचा डाग पांढऱ्या शर्टवरून सहज निघत नाही. रॉड इतकाच भरा की कपड्यांच्या मधे तळहात उभा सहज घालता येईल, त्याहून गच्च झालं तर इस्त्री करून ठेवलेला कपडाही चुरगळलेलाच बाहेर येतो आणि परत ठेवायला दोन हात लागतात, म्हणजे तो प्रश्न परत आलाच.

ड्रॉवरमधे कपडे एकावर एक न ठेवता उभे ठेवा, पुस्तकं लावतो तसे. टीशर्टची घडी अशी करायची. टीशर्ट पालथा पसरा, हाताने सुरकुत्या काढा, एक बाजू गळ्याच्या कडेपासून आत दुमडा आणि बाही परत बाहेरच्या बाजूला वळवा, दुसरी बाजू तशीच. लांब पट्टी झाली. खालची कड उचलून गळ्याच्या थोडी अलीकडे आणा, गळ्यावर नाही, मग उरलेल्याचे तीन भाग करून दुमडा. दुमडलेली गोल कड वर ठेवून ती घडी टेबलावर उभी करून बघा, पडली तर घडी सैल आहे किंवा रुंद आहे. ड्रॉवरच्या उंचीपेक्षा घडी बोटभर कमी असू द्या नाहीतर ड्रॉवर अडकतो. असं ठेवलं की प्रत्येक कपडा वरून दिसतो, एक काढला तर बाकीचे हलत नाहीत आणि परत ठेवायचा म्हणजे फक्त फटीत सरकवायचा. ड्रॉवर अर्धा रिकामा असेल तर कपडे आडवे होतात, तिथे मधे बुटाचं खोकं कापून पार्टिशन करा, विकतचं आणायची काही गरज नाही. मोजे, आतले कपडे यांच्या घड्याच घालू नका, छोट्या छोट्या खोक्यांत वेगवेगळे टाका, पुरे. मोज्यांच्या जोड्या एकात एक उलटवून गोळा करू नका फक्त, वरचं इलॅस्टिक ताणून सैल होतं.

भारी साड्या आणि जरीचे कपडे याला वेगळा नियम आहे. सुती साध्या साड्या हँगरवर चालतात, पण जड जरीची किंवा भरतकामाची साडी लटकवली की वजनाने कापड ओढलं जातं आणि घडीच्या रेषेवर विरतं. ती मऊ धुतलेल्या सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळून आडवी ठेवायची, वर दुसऱ्या चार साड्यांचं ओझं नको. दर ३-४ महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालायची, माझी आई हे फार निगुतीने करते, घडी बदलताना प्रत्येक वेळी साडी तासभर सावलीत वाऱ्यावर पसरते आणि तिच्या जुन्या साड्या अजून घडीवर फाटलेल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमटपणा अडकतो. ड्रायक्लीनवरून आलेल्या कपड्यांचं प्लॅस्टिक तर घरी आल्याआल्या काढायचं. वर्तमानपत्रात पण नको, शाई लागते आणि कागदातल्या आम्लाने कापड पिवळं पडतं.

कसर लागण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथे गैरसमज खूप आहेत. कपडे खाणारा पतंग स्वतः काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि तिला लागतं केराटिन हे प्रथिन असलेलं काहीतरी, म्हणजे लोकर, पश्मिना, पिसं, फर. रेशीमही ती सोडत नाही. स्वच्छ सुती कपड्यात तिला फारसा रस नसतो, पण घामाचे, खाण्याचे डाग असतील तर तिथे नक्की लागते. सिल्व्हरफिश म्हणजे ती चंदेरी चपळ किडी वेगळी, तिला स्टार्च आवडतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. हंगाम संपल्यावर कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच आत ठेवायचे, एकदाच घातलेला स्वेटर असला तरी. आणि बरेच दिवस ठेवायच्या कपड्यांना खळ करायची नाही. लोकरीच्या कपड्यात कसर सापडलीच तर तो पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमधे उणे १८ अंशांवर निदान ३ दिवस ठेवा, मी तर आठवडाभर ठेवा म्हणेन, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही नाहीतर कपड्यावर पाणी धरतं.

डांबरगोळ्या सरसकट टाकू नका. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ हेच त्यांचं काम करायचं साधन, आणि ती वाफ विषारी आहे. उघड्या खणात गोळी टाकली तर वाफ खोलीभर पसरते, कसरीला काही होत नाही आणि श्वासात आपल्याच जाते. काही बाळांमधे जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, अशा बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तातल्या लाल पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, म्हणून बाळाच्या कपड्यात आणि पांघरुणात या गोळ्या कधीच नको, आणि मुलं गोळ्या तोंडात घालतात तेही आहेच. वापरायच्याच असतील तर घट्ट बंद पेटीत, कापडाच्या पुरचुंडीत, जरीला लागू न देता, आणि कपडे वापरण्याआधी उन्हावाऱ्यावर वास जाईपर्यंत टांगून धुऊन घ्या. कडुलिंब, लवंग, लॅव्हेंडर यांचा वास छान येतो, ते ठेवा हवं तर, पण त्यांच्या भरवशावर घाणेरडे कपडे आत ठेवू नका.

ओल हा दुसरा शत्रू. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरायला लागते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलं असेल तर निदान ३-४ सेंमी पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. इस्त्रीचे गरम कपडे लगेच आत टाकू नका, त्यात वाफ असते, अर्धा तास बाहेर टांगा. सिलिका जेलच्या पुड्या चांगल्या, त्या भरल्या की ओव्हनमधे १२० अंशांच्या आसपास तापवून परत वापरता येतात, पण पुडी कागदी किंवा प्लॅस्टिकची असेल तर दाणे काढून तापवा. पाणी जमवणारे जे डबे मिळतात त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ते ओल भरपूर ओढतात पण ते खारट पाणी सांडलं तर कपडे आणि चामडं दोन्ही खराब होतं, म्हणून डबा सगळ्यात खालच्या खणात, कपड्यांपासून लांब आणि सरळ ठेवा. व्हॅक्युम बॅगा पांघरुणांना ठीक, पण लोकर आणि पिसांची जॅकेट त्यात महिनोन् महिने दाबून ठेवली की फुलत नाहीत नीट.

आता ते खुर्चीवरचे कपडे, एकदा घातलेले, धुवायला टाकण्याइतके मळले नाहीत आणि धुतलेल्यांत ठेववत पण नाहीत. त्यांना जागा नसते म्हणून तर ते खुर्चीवर येतात. कपाटाच्या दाराला आतून किंवा शेजारच्या भिंतीला चार-पाच हूक लावा, एवढे आणि एवढेच, सगळे हूक भरले की एक धुवायला जातो किंवा वापरायचा. हँगर पण नको तिथे, नुसता हूक, कारण रात्री अकरा वाजता हँगर कोणी लावत बसत नाही.

सगळं लावून झाल्यावर रॉडवरचे सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवा, म्हणजे हूकचं तोंड आपल्याकडे. जो कपडा घालून धुऊन परत येईल तो सरळ अडकवायचा. हंगाम संपताना जे हँगर अजून उलटे असतील ते कपडे उतरवून त्या तारीख लिहिलेल्या खोक्यात टाका, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच दुसरं काही भरू नका, रॉडचा आणि प्रत्येक फळीचा पाचवा हिस्सा रिकामाच राहू द्या, धुण्याचा मोठा ढीग वाळून एकदम आला की तो तिथेच बसतो.